लग्नसराईतील मेकअप आणि हलक्या हाताचे शास्त्र

सोलापुरात लग्नसराईचा भर आणि चाळिशी ओलांडलेला पारा एकाच वेळी येतात. मंगल कार्यालयाच्या खोलीत कूलर घरघरत असतो, मुहूर्त जवळ आलेला असतो आणि ब्युटिशियन वधूच्या चेहऱ्यावर बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, बसवत असते. अशा घाईत हात नकळत जड होतो. पुढे तासाभरात नाकाच्या कडेला मेकअप फुटला किंवा कपाळावरून ठिपक्याठिपक्यांनी निघाला, की त्याचे खापर उकाड्यावर किंवा फाउंडेशनच्या ब्रँडवर फोडले जाते. उकाड्याचा वाटा असतोच; पण हात किती दाब देतो आणि कोणत्या दिशेने फिरतो याचा वाटा त्याहून मोठा असावा असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे त्वचेच्या रचनेत व फाउंडेशनच्या घटकांत सापडतात.

त्वचेचा सर्वांत वरचा थर चपट्या, मृत पेशींचा असतो आणि चेहऱ्यावर त्याची जाडी साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर एवढीच भरते. या पेशींच्या मधल्या जागेत सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात, आणि शरीरातील पाणी बाहेर उडून जाऊ न देण्याचे काम मुख्यतः हा स्निग्ध भाग करतो. चेहरा जोरात घासला की वरच्या पेशी वेळेआधीच सुटतात, काहींच्या कडा अर्धवट उचलल्या जातात आणि पाणी अधिक वेगाने उडू लागते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कडांवरच पुढे फाउंडेशनचे रंगकण साचतात आणि ‘पॅची’ दिसणारा भाग तयार होतो. सतत घासण्याचा परिणाम याहून खोलवरही जातो. नायलॉनच्या टॉवेलने वर्षानुवर्षे अंग घासणाऱ्यांच्या त्वचेवर, विशेषतः हाडांवरच्या भागात, काळसर पट्टे उमटतात हे जपानमधील त्वचातज्ज्ञांनी १९८० च्या दशकात नोंदवले होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्याची ही प्रतिक्रिया सहज उमटते. टॉवेलसाठी नावाजलेल्या गावात हे सांगायला हरकत नसावी, की चांगल्या टेरी टॉवेलच्या फासांची रचना पाणी टिपून घेण्यासाठीच केलेली असते आणि चेहऱ्यावर तो नुसता टेकवला तरी त्याचे काम होते.

लग्नघरात घासाघाशीची सुरुवात मात्र मेकअपच्याही आधी, हळदीपासून होते. हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते. त्यामुळे ते त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्ध भागात जाऊन बसते आणि पाण्याने कितीही चोळले तरी पुरते निघत नाही. त्यावर अंगाचा साबण लावला तर पंचाईत आणखी वाढते, कारण साध्या साबणाचे द्रावण अल्कधर्मी असते आणि त्याचा सामू (pH) ९ ते १० च्या आसपास असतो. अल्कलीच्या संपर्कात कर्क्युमिन लालसर तपकिरी होते. हळदीवर चुना वा टाकणखार यांची प्रक्रिया करून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्धच आहे. हळदीच्या चेहऱ्यावर साबणाचा फेस तांबूस होतो तो याच क्रियेमुळे. तो तांबूसपणा म्हणजे मळ समजून पुन्हा पुन्हा चोळणारे हात मात्र त्वचेचे नुकसान करत राहतात. त्याऐवजी खोबरेल किंवा क्लिन्झिंग ऑइल हलक्या हाताने पसरून मिनिटभर तसेच राहू द्यावे, मग मऊ कापडाने टिपावे आणि शेवटी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. जी पिवळी झाक उरेल ती उरू द्यावी, कारण कर्क्युमिन उजेडाने आपोआप फिकट होते आणि फाउंडेशनच्या छटेत ती झाक सहज सामावून घेता येते.

आता प्रत्यक्ष बेसकडे वळू. बहुतेक टिकाऊ फाउंडेशन हे तेल किंवा सिलिकोन यांत पाण्याचे सूक्ष्म थेंब विखुरलेले मिश्रण असते. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे आणि लोहाच्या ऑक्साइडांचे पिवळे, तांबडे व काळे कण मिसळलेले असतात. याखेरीज आयसोडोडेकेनसारखी उडून जाणारी द्रव्ये आणि त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारी रेझिनेही असतात. लावताना हे मिश्रण सहज पसरते, कारण दाबाखाली त्याचा घट्टपणा तात्पुरता कमी होतो. मग उडणारा भाग निघून जाऊ लागतो, रेझिनचा पापुद्रा धरतो आणि रंगकण त्यात अडकून जागच्या जागी राहतात. हा पापुद्रा धरत असतानाचा काळ सर्वांत नाजूक असतो. ओल्या सारवणावर पाय पडला तर जसा ठसा उमटतो, तसाच या अर्धवट सुकलेल्या थरावर फिरवलेल्या बोटाने किंवा ब्रशने चरा उमटतो, आणि तो बुजवण्यासाठी वर आणखी फाउंडेशन लावले की थर जाड होऊन नाकाच्या बाजूच्या खाचेत, हसताना पडणाऱ्या रेषांत प्रथम फुटतो. म्हणून फाउंडेशन सुरुवातीलाच पातळ पसरावे, त्यानंतरचा प्रत्येक स्पर्श उभा, टेकवून उचलण्याचा असावा, आणि पावडरीपूर्वी थोडे थांबावे.

ओल्या, पिळलेल्या स्पंजाची शिफारस केली जाते त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. स्पंजाची छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असली की तो फाउंडेशन कमी पितो, फुगून मऊ होतो आणि बोटाचा दाब मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. मे महिन्यातल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत, त्यातही पंख्याखाली, हाच स्पंज काम अर्ध्यावर असतानाच सुकू लागतो. मग तो बेस शोषतो आणि त्वचेला खेचू लागतो. हात जड झाल्यासारखा वाटला तर आधी स्पंज पाहावा. पुणे-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये ही गोष्ट सहसा सांगितलेली आढळत नाही.

पावडरीच्या बाबतीत दाबण्याला आणखी एक अर्थ आहे. पावडरीतले टाल्क हे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट असून ते खनिजांच्या मोस कठिनता श्रेणीत सर्वांत मऊ, १ क्रमांकाचे खनिज आहे. त्याचे पातळ पत्र्यांसारखे कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते त्वचेला रेशमी लागते. हे कण टिकतात ते बेसवरील किंचित स्निग्ध, चिकट पृष्ठभागामुळे आणि सूक्ष्म कणांमधील आकर्षण बलांमुळे, आणि ही बले अगदी जवळच्या अंतरावरच काम करतात. पफाने दाबून जरासा फिरवून उचलला की कण पृष्ठभागाला भिडतात. घासून लावलेल्या पावडरीत मात्र खालचा बेस सरकतो आणि कणांचे पुंजके होतात. जास्तीची पावडर कशालाच चिकटत नाही, ती नुसती वर पडून राहते. सिलिका असलेली पावडर अशी वर राहिली तर फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरे डाग येतात, आणि अल्बम हाती आल्यावरच ते घरच्यांच्या लक्षात येते.

घामाच्या थेंबावर पावडर कधीही लावू नये, कारण पाण्याने कण एकमेकांना धरून गोळा होतात. आधी टिश्यू पेपर टेकवून घाम टिपावा, मग पफ लावावा. मुंडावळ्यांची दोरी कपाळावर आणि कानशिलांवर जेथे घासते, तेथील पावडर मुंडावळ्या बांधण्याआधीच नीट दाबून बसवलेली बरी. शेवटी मेकअप पक्का बसवण्यासाठी मारल्या जाणाऱ्या सेटिंग स्प्रेमध्ये पाणी, बहुधा अल्कोहोल आणि पापुद्रा धरणारे बहुवारिक (पॉलिमर) असते. तो हातभर अंतरावरून उडवला तर बारीक तुषार पडून लवकर सुकतात, जवळून मारला तर मोठे थेंब खालचा थर भिजवून वाहू लागतात. सुकेपर्यंत चेहऱ्याला हात लावू नये, करवल्यांचाही.

रात्री मेकअप उतरवताना हेच नियम उलट्या क्रमाने लागू होतात. टिकाऊ काजळ आणि मस्कारा यांतील मेण व रेझिन पाण्याला दाद देत नाहीत, आणि पापणीची त्वचा तर सगळ्या शरीरात सर्वांत पातळ, सगळे थर धरून साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. तेलात भिजवलेला कापूस मिटलेल्या पापणीवर वीस-तीस सेकंद नुसता ठेवावा. तेवढ्यात मेण सैल होते, आणि मग कापूस एकदाच खालच्या दिशेने अलगद ओढला तरी बहुतेक काजळ त्यावर उतरते.