बी. एम. बॉवर

बॉवर, बी. एम. (१५ नोव्हेंबर १८७१ – २३ जुलै १९४०) : अमेरिकेच्या पश्चिमेतील काउबॉयांवर पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिका. माहेरचे नाव बर्था मझी. मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरे छापली जात, त्यामुळे हे लेखन पुरुषाचे, असेच बहुतेक वाचक धरून चालत. पहिला संसार मोडला, पुढे दोन लग्ने झाली, तरी पुस्तकांवर आडनाव पहिल्या नवऱ्याचेच राहिले.

जन्म मिनेसोटातला. १८८९ मध्ये कुटुंब मोंटानातील बिग सँडी भागात आले आणि पुढच्याच वर्षी क्लेटन बॉवरशी लग्न झाले. रँचवरचे (गुरे पाळण्याच्या मोठ्या मळ्यावरचे) जिणे त्या स्वतः जगल्या होत्या. नवऱ्याच्या दारूपायी माळरानात एकटी पडलेली शहरी बायको त्यांनी ‘लोनसम लँड’मध्ये (१९१२) रंगवली आहे, त्यांचे हे सर्वांत गंभीर पुस्तक म्हणता येईल.

नाव झाले ते ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’मुळे. ही कादंबरी १९०४ मध्ये ‘पॉप्युलर मॅगझीन’मध्ये आली आणि १९०६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. चित्रे मोंटानाचेच काउबॉय-चित्रकार चार्ल्स रसेल यांची. ‘फ्लाइंग यू’ रँचच्या मालकाची डॉक्टर बहीण डेला पाहुणी म्हणून येते आणि वाटेतच तिथल्या चिप या काउबॉयच्या बंदुकीने एक कोयोटी (लांडग्यासारखा लहान प्राणी) लोळवते. पुढे पाय दुखावून अंथरुणाला खिळलेला चिप तिच्या अर्धवट निसर्गचित्रात लांडग्यांपासून वासराला वाचवणारी गाय रंगवतो. बघणारे मात्र चित्र डेलाचेच समजून तिला वाखाणतात. पुरुषाची कला बाईच्या नावावर खपते, आणि ही गोष्ट सांगणारी बाई वाचकांच्या लेखी पुरुष! बॉवरबाईंना यातली गंमत कळली नसेल, असे वाटत नाही.

गोळीबारापेक्षा ‘हॅपी फॅमिली’ नावाच्या काउबॉय टोळक्याची थट्टामस्करी हाच ‘फ्लाइंग यू’ रँचवरच्या या कथामालिकेचा जीव. ‘द फ्लाइंग यूज लास्ट स्टँड’मध्ये (१९१५) कुरणे शेतकऱ्यांच्या वसाहतीखाली जाऊ नयेत म्हणून हेच गडी स्वतःच्या नावे सरकारी जमिनी मागतात. मोकळी कुरणे संपत आल्याची कबुलीच ती.

सिनेमावाल्यांनी ‘चिप’ वारंवार पडद्यावर आणला : चिपच्या भूमिकेत १९१४ मध्ये टॉम मिक्स, १९२६ मध्ये हूट गिब्सन, १९३९ मध्ये जॉनी मॅक ब्राउन. त्यानंतरच्या वर्षी लॉस अँजेलिस येथे बॉवरबाईंचे निधन झाले.