ड्रिफ्ट गाडी घेतलीत? आधी फरशी बघा

(रिमोटच्या १:१० मापाच्या ड्रिफ्ट गाड्यांसाठी माहितीपत्रक. गाडीच्या खोक्यातच ठेवा, म्हणजे वेळेला सापडेल.)

जळगावच्या आमच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी हे बोलणं होतंच. "भो, जरा मोठी मोटर द्या." "काय झालं?" "गाडी नुसती गोल फिरते." आता गोल फिरणाऱ्या गाडीला मोठी मोटर बसवली तर ती जास्त जोरात गोल फिरेल, दुसरं काय होणार? म्हणून आम्ही मोटर काढायच्या आधी विचारतो की गाडी चालवता कुठे, टायर कोणते आहेत आणि जायरो (घसरताना पुढची चाकं आपोआप वळवणारा छोटा भाग) कुणी लावून दिला. दहातल्या आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं आणि गिऱ्हाईक खिशाला हात न लावता घरी जातं.

फरशी

ड्रिफ्ट म्हणजे चाक घसरत ठेवून गाडी ताब्यात ठेवणं. त्यामुळे अर्धी गाडी तुमच्या हातात असते आणि अर्धी जमिनीत. घोटलेला कोबा सगळ्यात चांगला. पॉलिश केलेला कोटाही छान. व्हिट्रिफाइड टाइल्स फार गुळगुळीत, नवशिक्याची गाडी त्यावर लोण्यावर ठेवल्यासारखी निसटते. शहाबादीच्या सांध्यांत टायरची कड अडकते. डांबरी रस्त्याचा विचार सोडून द्या. पकड जास्त, आणि प्लास्टिकचे टायर एका संध्याकाळी खरवडून निघतात.

लग्नतिथी नसते त्या दिवशी मंगल कार्यालयाचा हॉल मागून बघा. धुळ्याची आणि अमळनेरची काही पोरं हेच करतात. जाताना स्वतःचा झाडू न्या. हे व्यवस्थापकाला खूश करायला सांगत नाही. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ टायरखाली टाल्कम पावडरसारखं काम करते. पहिली पाच मिनिटं गाडी एका तऱ्हेने चालते, धूळ बाजूला सरली की दुसऱ्या तऱ्हेने, आणि तुम्ही उगाच पाना घेऊन बसता. हॉल झाडा, टायर ओल्या फडक्याने पुसा, मग गाडी सोडा.

टायर: खान्देशात राहिल्याचा फायदा

ड्रिफ्ट गाडीचे टायर रबराचे नसतात, कडक प्लास्टिकचे असतात. हा छंद नवा होता तेव्हा लोक साध्या टायरवर पाईपच्या रिंगा चढवून गाड्या घसरवायचे. पाईपच्या बाबतीत आपल्या भागाला कुणी शिकवायची गरज नाही. शेतात तुषार सिंचनाचा काळा एचडीपीई पाईप पडलेला असेल तर त्यावरचं माप वाचा. बाहेरून ६३ मिमीचा पाईप ड्रिफ्ट गाडीच्या चाकाला जवळजवळ नेमका बसतो. (आम्ही टायर विकतो, तरीही हे छापतोय. सरावाला टायर फार लागतात आणि महिन्याला नवे चार घेणं कॉलेजच्या पोराला परवडत नाही.)

कापायची रीत अशी. पाईपभोवती वहीचा कागद गुंडाळा, दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर जुळवा आणि कागदाच्या कडेने पेन्सिल फिरवा. रेघ सरळ येते. हॅक्सॉ ब्लेडने हळू कापा. रिमची रुंदी २६ मिमी असते, रिंग तेवढीच ठेवा. कापल्यावर दोन्ही कडा पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर फरशीच्या सांध्यात गाडी ठेच लागल्यासारखी उडते. रिमचा व्यास साधारण ५२ मिमी आणि रिंगेचं पोट त्याहून मोठं, म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि रिंग दाबून चढवा. कशी बसली ते बघायला रिम आणि रिंग दोन्हींवरून व्हाइटनरची एक सरळ रेघ ओढा. पाच मिनिटं गाडी चालवा. रेघ तुटलेली दिसली तर रिंग रिमवर सरकतेय, आणखी एक वेढा द्या.

पांढरा पीव्हीसीही चालतो, आवाज जास्त करतो. फक्त पुढे पीव्हीसी आणि मागे एचडीपीई असं मिसळू नका. दोघांची पकड वेगळी असते, मग जमलेलं सेटिंगही बिघडल्यासारखं वाटतं.

जायरो

हल्लीच्या बहुतेक ड्रिफ्ट गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालतात. शेपूट बाहेर गेलं की पुढची चाकं घसरण्याच्या दिशेला वळवावी लागतात. जायरो हे काम आपल्या बोटांच्या आधी करतो. तो बरोबर बसलाय का हे बघायला मैदान लागत नाही.

रिमोट आणि गाडी चालू झाल्यावर गाडी हातात धरा, स्टिअरिंगला हात लावू नका. गाडीचं नाक झटकन डावीकडे फिरवा. पुढची चाकं उजवीकडे वळली पाहिजेत, म्हणजे आधी जिकडे बघत होती तिकडेच बघत राहिली पाहिजेत. तीही डावीकडे गेली तर जायरो उलटा आहे. अशी गाडी जगातल्या कुठल्याही फरशीवर गोलच फिरणार. जायरोवरचं रिव्हर्स बदला, रिमोटवरचं नाही. रिमोटचं रिव्हर्स फक्त तुमच्या स्टिअरिंगच्या दिशेसाठी असतं.

मग गेन, म्हणजे जायरो किती जोराने चाकं वळवतो ते. तो हळूहळू वाढवत न्या. एका जागी पुढची चाकं थंडी वाजल्यासारखी थरथरायला लागतात. तिथून थोडं मागे या, बस. गेन कमी असेल तर शेपूट गाडीच्या पुढे येतं. जास्त असेल तर गाडी सरळ रेषेतही नाचते. फरशी बदलली की गेन पुन्हा बघावा लागतो, त्यात तुमची काही चूक नसते.

गाडी चालू केल्यावर पहिले काही सेकंद ती जमिनीवर स्थिर ठेवा. त्या वेळात जायरो आपला शून्य ठरवतो. हातात हलवत चालू केली तर तो चुकीचा शून्य धरतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

पूर्ण वळवल्यावर सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) गुरगुरत असेल तर चाक अडलंय आणि सर्व्हो अजून ढकलतोय. रिमोटवर एंडपॉइंट (चाक किती वळेल त्याची हद्द) कमी करा. आमच्या स्वतःच्या दाखवायच्या गाडीचा एक सर्व्हो असाच जळाला. गुरगुर सगळ्यांनी ऐकली होती, प्रत्येकाला वाटलं दुसरा बघेल.

उन्हाळा

कंपनीच्या पुस्तिका आपला मे महिना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या नसतात. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा जायरोखालचा डबल टेप मऊ पडतो आणि जायरो तिरका होतो. मागच्या उन्हाळ्यात एका गाडीवर आम्ही दोन तास घालवले, सगळं उघडलं, शेवटी बोट लावलं तर जायरो हलत होता. एप्रिल लागला की टेप बदला.

शॉक अब्सॉर्बरचं तेलही उन्हात पातळ होतं. डिसेंबरात जमलेली गाडी मे महिन्यात उड्या मारत असेल तर एक नंबर जाड तेल भरून बघा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला मात्र हयगय नको. दोन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. एका सेलला ३.२ च्या खाली उतरवू नका. आठवडाभर गाडी काढणार नसाल तर सेलला ३.८ वर ठेवा, भरून ठेवू नका. ४००० एमएएचची बॅटरी ४ अँपिअरने, बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरणारी) वायर लावून, समोर बसून चार्ज करा. उन्हात उभ्या कारच्या डिकीत ती कधीही ठेवू नका. आमची एक बॅटरी चाळीसगावहून येताना डिकीत उशीसारखी फुगली. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. दुकानात आणून द्या.

बाकीचं

मोटरवरचा आकडा म्हणजे तारेचे वेढे. आकडा लहान तितकी मोटर तेज. १३.५ ची गाडी शिकायला सोपी, १०.५ ची नंतर घ्या. सेन्सरवाली घेतलीत तर हळू वेगात झटके बसत नाहीत. पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळा, मग पट्टी काढा, तेवढी फट पुरते. ४८ पिचचं (पिच म्हणजे दातांचं माप) पिनियन ६४ च्या स्परला लावू नका, दात जातात. मागची दोन चाकं एकत्रच फिरली पाहिजेत. एक धरून दुसरं फिरत असेल तर मागचा डिफ (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) लॉक झालेला नाही.

पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरची कड आत) उणे ५ ते ८ अंश, मागचा शून्य ते उणे ३, इथून सुरुवात करा. जे बदलाल ते एका वेळी एकच आणि वहीत लिहून. बॉडीला रंग आतून द्यायचा असतो, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकसाठीचाच, गडद आधी. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे पहिल्या धडकेत पापुद्र्यासारखा निघतो.

खऱ्या गाड्यांचं ड्रिफ्टिंग जपानच्या घाटरस्त्यांवर वाढलं, नावाजलेले ड्रिफ्ट चालक केइची त्सुचिया तिथूनच पुढे आले. आपल्याकडे कन्नडचा घाट आहे, पण तो सोडून द्या. तुमचा घाट हॉलमध्ये बाटल्या मांडून करा. आधी एका बाटलीभोवती गोल, मग दोन बाटल्यांभोवती इंग्रजी आठ.

दुकानात गाडी आणताना

रिमोट आणा, तो घरीच राहतो आणि मग चोपड्याहून परत फेरी पडते. बॅटरी अर्धी भरलेली हवी. ज्या टायरवर गाडी बिघडली तेच टायर हवेत, नवे घालून आणू नका. निघालेले स्क्रू डबीत घाला. आणि चालवता त्या फरशीचा मोबाइलवर एक फोटो काढून आणा. पहिल्यांदा सेटिंग करून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. रविवारी संध्याकाळी मागच्या गोडाऊनचा कोबा रिकामा असतो, तिथेच चालवून बघू. थंडीत आलात तर भरीतही असतं.