कळा सुरू झाल्या, पण बाळंतपण सुरू झालं का?

"पिशवीचं तोंड उघडत नाहीये, सिझर करावं लागेल." रात्री दोन वाजता हे वाक्य कानावर आलं की घरातलं कुणीच काही विचारण्याच्या स्थितीत नसतं. मुलगी थकलेली, आई-वडील घाबरलेले आणि समोर सहीचा कागद. कधी ते सिझर खरोखर दोन जीव वाचवतं. पण 'तोंड उघडत नाही' हे नेमकं कशावरून ठरवायचं, याबद्दलचं वैद्यकशास्त्राचं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. कळा सुरू होण्याआधीच ते प्रत्येक गरोदर बाईपर्यंत पोचायला हवं.

१९५५ मध्ये न्यूयॉर्कमधले डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख मांडला. तोंड सुरुवातीला हळूहळू उघडतं आणि साधारण तीन-चार सेंटिमीटरनंतर वेग घेतं, असं त्यात दिसलं. पुढे १९७२ मध्ये आजच्या झिम्बाब्वेत फिलपॉट आणि कॅसल यांनी 'तासाला एक सेंटिमीटर' ही सोपी रेषा आखली. अडलेली बाई वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचावी, हा त्यांचा हेतू होता. तो मोलाचाच होता, कारण अडलेल्या बाळंतपणात गर्भाशय फाटतं, बाई दगावते.

अडचण अशी, की फ्रीडमन यांच्या त्या ५०० जणींपैकी निम्म्याहून अधिक प्रसूती चिमटा लावून झाल्या होत्या. त्या काळच्या एका रुग्णालयातलं हे चित्र जगभरच्या बायकांचं माप ठरलं. २०१० मध्ये झँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांमधल्या ६२,४१५ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. बाळ सुखरूप, प्रसूतीही योनीमार्गे झालेली, तरीही काहींना चारवरून पाच सेंटिमीटरवर जायला सहा तासांहून जास्त लागले होते. खरा वेग अनेकींच्या बाबतीत सहा सेंटिमीटरनंतर आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हे मान्य केलं. जोराच्या कळांची अवस्था आता पाच सेंटिमीटरपासून धरायची. तिथून पुढे तोंड पूर्ण उघडायला पहिलटकरणीला बारा तासांपर्यंतचा वेळ लागू शकतो. आई आणि बाळ दोघंही ठीक असतील, तर केवळ तासाला एक सेंटिमीटर होत नाही म्हणून कळांचं इंजेक्शन किंवा सिझर करू नये, असं संघटना स्पष्ट सांगते. तोंड किती वेळात किती उघडलं हे नोंदवायचा नुसता तक्ता बदलल्याने मात्र सिझर आपोआप कमी होत नाहीत. नॉर्वेतल्या १४ प्रसूती केंद्रांमध्ये जुन्या तक्त्याची आणि झँग यांच्या नोंदींवर बेतलेल्या नव्या तक्त्याची तुलना झाली, तेव्हा सिझरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तपासणारी माणसं किती थांबतात आणि किती लक्ष देतात, यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांतल्या प्रसूतींमध्ये सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं, खासगीत ४७.४ टक्के. खासगीत जाणाऱ्या बायकांचं वय, आजार, ऐपत वेगळी असते, हे धरूनही ही दरी मला अस्वस्थ करते. सिझर हा गुन्हा नाही, पण पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) खाली राहण्याची किंवा जुन्या व्रणात रुतण्याची भीती त्यामुळे वाढते. हे आधी सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट खास आपली. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून मुलगी फाईल घेऊन माहेरच्या गावी जाते आणि डॉक्टर बदलतात. ज्या डॉक्टरांशी सहा महिन्यांत ओळख झाली, ते बाळंतपणाला नसतात. म्हणून माहेरच्या दवाखान्यातली पहिली भेट नुसती सोनोग्राफी दाखवण्यात घालवू नये. किती सेंटिमीटरला दाखल करून घेता? कळा मंदावल्या तर किती वेळ थांबता? रात्री कोण असतं? नाळ मानेभोवती दिसली तर काय करता? (जन्माच्या वेळी साधारण दर चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती नाळ असते, आणि ठोके चांगले असतील तर तेवढ्यावरून सिझर करायचं कारण नाही.) वाट पाहण्याला मर्यादा आहेतच. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणं यांपैकी काहीही झालं तर कळांची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.

सही कोणाची, हेही माहीत असावं. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन केलेली, जिवाला तातडीचा धोका नसतानाची शस्त्रक्रिया वैध संमतीची ठरत नाही. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

कळांच्या वेळी शेजारी सतत कुणी धीर देणारं माणूस असेल, तर सिझरचं प्रमाण कमी होतं, असं पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत अशा सोबतिणीला परवानगी दिली. खासगी ठिकाणी मात्र आधी विचारून घ्या, आणि हो म्हणाले तर आईचं, बहिणीचं किंवा जाऊबाईंचं नाव फाईलवर लिहून घ्या.