टिशोमिंगोची एक दिवसाची ट्रिप: निघण्याआधी एवढं वाचून घ्या

डॅलसहून सकाळी सातला निघतो. आय-३५ ने सरळ उत्तरेला, गेन्सव्हिल मागे पडलं की रेड रिव्हरचा पूल लागतो, तो ओलांडला की ओक्लाहोमा आणि तिथूनच चिकसॉ नेशनची, म्हणजे चिकसॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या राष्ट्राची हद्दपण सुरू होते. खूप जण फोनवर विचारतात की हे सगळं आता इतिहासजमा झालंय ना, तर अजिबात नाही, त्यांचं सरकार आजही आहे, गव्हर्नर आहे, कोर्ट आहे, कारभार एडा गावातून चालतो. टिशोमिंगो ही त्यांची जुनी राजधानी.

थोडा इतिहास गाडीतच सांगतो, कारण तो माहीत नसला तर पुढे दिसणारी लाकडी खोली नुसती खोली वाटते. हे लोक मुळात इकडचे नाहीत, त्यांचं घर मिसिसिपी, अलाबामा, टेनेसीच्या भागात होतं, तिथून त्यांना हुसकावलं. १८३७ मध्ये चोक्टॉ या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांना ५,३०,००० डॉलर मोजून त्यांनी इकडे जागा घेतली, म्हणजे घर गेलं ते गेलंच, वर नवीन जागेचे पैसेही स्वतःच भरले. मग बरीच वर्षं चोक्टॉंच्या कारभाराखाली काढून १८५५ च्या करारानं वेगळे झाले आणि १८५६ ला टिशोमिंगोत स्वतःची राज्यघटना केली.

त्या काळातलं ओंडक्यांचं कौन्सिल हाउस, म्हणजे त्यांच्या सभेची जागा, टिशोमिंगोतल्या म्युझियममध्ये जपून ठेवलंय. घाई करू नका इथे, जवळ जाऊन बघा, किती लहान आहे ते. एका अख्ख्या राष्ट्राचा कारभार एवढ्याशा जागेत! मग बाहेर येऊन तिथलीच ग्रॅनाइटची कॅपिटॉल इमारत बघायची, ती १८९८ ची. आणि त्याच १८९८ मध्ये वॉशिंग्टनला कर्टिस कायदा पास झाला, ज्यानं चिकसॉंसारख्या जमातींच्या सरकारांचे अधिकार काढून घ्यायचं ठरलं. १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं, ही इमारत काउंटीचं कोर्ट झाली, आणि साधारण ऐंशी वर्षांनी चिकसॉंनी ती परत विकत घेतली. आम्हाला विचाराल तर ट्रिप या दोन वास्तूंसाठीच आहे.

दुपारी सल्फर गावातलं कल्चरल सेंटर, २०१० ला उघडलेलं. तिथे पारंपरिक गाव उभं केलंय, स्टॉम्प डान्स दाखवतात, बायकांच्या पायाला कासवाच्या कवचांचे खुळखुळे बांधलेले असतात आणि सगळा ठेका त्यांच्या पावलांवर चालतो. डान्स कधी आहे ते त्या दिवशीच कळतं. फोटो काढायच्या आधी विचारा प्लीज.

आणखी एक, मनापासून सांगतोय. आपल्याला शाळेपासून 'रेड इंडियन' म्हणायची सवय आहे, तो शब्द तिथे नको, चिकसॉ म्हणा. भेटलात की 'चोक्मा' म्हणा, त्यांच्या भाषेत चोक्मा म्हणजे चांगलं, नमस्कारालाही तेच म्हणतात. ही भाषा लहानपणापासून बोलणारे आता फार थोडे उरलेत, त्यामुळे एक शब्द का होईना, नीट म्हणू या.

जेवणाचं: पशोफा म्हणजे आपल्या मक्याच्या कण्यांसारखाच प्रकार, पण त्यात डुकराचं मांस असतं. व्हेज असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, तुमचा डबा आम्ही घरून आणतो.