चौथीच्या इतिहासाच्या मागे

चौथीचं 'शिवछत्रपती' ज्यांच्या दप्तरात होतं, त्यांना धडे आठवोत न आठवोत, धड्यांची नावं पाठ असतात. 'शर्थीने खिंड लढवली', 'शायिस्ताखानाची फजिती'. हे 'फजिती'सारखे शब्द पाठ्यपुस्तक मंडळाच्या बैठकीतले वाटत नाहीत, बखरीतले वाटतात. त्या पुस्तकाचं कूळ शोधायला गेलं तर थेट तामिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्यापर्यंत जावं लागतं.

१६९७च्या सुमाराला जिंजीला मोगलांचा वेढा पडला होता. अशा वेळी राजाराम महाराजांनी कृष्णाजी अनंत सभासदाकडून वडिलांचं चरित्र लिहवून घेतलं. शिवाजी महाराज गेले तेव्हा राजाराम जेमतेम दहा वर्षांचे होते, बखर झाली तेव्हा सत्तावीसच्या आसपास. सभासदाचा वाचक वयाने लहान नव्हता, पण बाप पुरता पाहायला न मिळालेला मुलगा होता. बखरीतली आटोपशीर, तोंडी सांगितल्यासारखी वाक्यं वाचताना ते सारखं जाणवतं.

मुलांच्या हातात मात्र आधी पडली ती साहेबाची 'बखर'. साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनला तीन खंडांत निघाला. कॅप्टन डेव्हिड केपनने लगोलग त्याचं मराठी केलं, नाव ठेवलं 'मराठ्यांची बखर', आणि आपल्याच आजे-पणज्यांच्या लढाया पोरं भाषांतरातून शिकू लागली. त्याचा वचपा निघायला चाळीस वर्षं लागली. १८६७ साली नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात निबंध वाचून डफच्या चुका दाखवल्या. पुढे जुने कागद धुंडाळून छापायची चळवळच उभी राहिली : १८७८ला 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक, १८९८ला इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड.

त्याच १८९८ साली 'मुसलमानी रियासत', म्हणजे मुसलमानी राजवटींचा इतिहास, निघाली. तिचे कर्ते गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या पदरी होते, राजपुत्रांना शिकवत होते. शिकवणीसाठी काढलेली टिपणं वाढत वाढत रियासतींचे जाडजूड खंड झाले. मराठीतला एवढा मोठा इतिहास मुळात एका शिकवणीतून निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.

राजपुत्रांचं झालं, बाकीच्या पोरांचं काय? त्यांच्यासाठी २७ जानेवारी १९६७ला पुण्यात बालभारती आली, १९७१ला तिचं 'किशोर' मासिक आलं, आणि 'शिवछत्रपती' तर गावोगावच्या चौथीच्या वर्गात पोचलं. मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याला, मग शेजारच्याला. तोवर अफजलखानाच्या मिशा बॉलपेनने दुप्पट झालेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत तेच पुस्तक अंगणात यायचं. किल्ल्यासाठी माती कालवलेली, अळीव पेरायचे बाकी, आणि प्रतापगडाच्या चित्रावर चिखलाची बोटं. माची कुठवर न्यायची यावर भांडण पेटलं की पुस्तक उघडायचं, आणि ज्याच्या हातात पुस्तक, त्याचं खरं.