पार्श्वभूमी : दुखण्याचे डॉक्टर व्यसनमुक्तीकडे कसे वळले

रामबागेत बरीच वर्षं 'वेदना निवारण' अशी पाटी लावून बसलेल्या एका भूलतज्ज्ञांनी आता निम्म्याहून जास्त वेळ वेदनाशामक गोळ्यांत अडकलेल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आहे. इंदूरच्या मराठी घरांत पहिली प्रतिक्रिया होती, 'डॉक्टरांना हे काय सुचलं?'

अफू या शहराला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इथं तोलून, कर भरून मुंबईमार्गे चीनला जायची. नीमच-मंदसौरकडे परवान्याची शेती आजही आहे. पण आताच्या गोष्टीचं मूळ शेतात नाही, औषधाच्या दुकानात आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं तीव्र वेदनाशामक, ठेवणं इतकं किचकट झालं की बहुतेक रुग्णालयांनी नादच सोडला. कॅन्सरचे रुग्ण कळवळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीनं परवान्यांची ती साखळी तोडली, पण तोवर डॉक्टरांचा हात ट्रामाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकावर बसला होता. ते सौम्य, सवय न लावणारं समजलं जायचं. त्याच वर्षी मार्चपासून ते एच-वन यादीत आलं, म्हणजे दुकानदारानं वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं. किती वह्या प्रामाणिकपणे भरल्या गेल्या, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल थेट १९८५ च्या कायद्याखाली आलं. अमली पदार्थांच्या वापराच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूवर्गीय पदार्थ घेणारे २.०६ टक्के निघाले. त्यांत औषधी गोळ्या-इंजेक्शनं घेणारे ०.९६ टक्के, नुसती अफू घेणाऱ्यांपेक्षा जास्त.

खरा घोळ आहे तो 'व्यसन' या शब्दाचा. गुडघ्यासाठी वर्षभर ट्रामाडॉल घेणाऱ्या आजींनी दोन दिवस गोळी चुकवली की जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पोट बिघडतं. शरीराला औषधाची सवय झाली, एवढाच याचा अर्थ. इंग्रजी वैद्यकात याला डिपेंडन्स म्हणतात, आपण अवलंबित्व म्हणू. व्यसन त्याहून वेगळं : घेण्यावर ताबा राहत नाही, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. एकात दुसरं असू शकतं, नसूही शकतं. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत तर स्पष्टच आहे की डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्याच्या बाबतीत तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागणं आणि औषध तुटल्याचा त्रास ही लक्षणं व्यसनाच्या निदानात धरायची नाहीत.

आपल्याकडे मात्र चिठ्ठीवर एकच शब्द पडतो. अशाच एका आजींना कुणीतरी 'व्यसन' लिहून पाठवलं, तर सुनेनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सहा महिने कुणालाच दाखवला नाही. त्या काळात गोळ्या दुप्पट झाल्या. रामबागेतल्या डॉक्टरांचं म्हणणं असं की त्या गोळ्यांची पहिली चिठ्ठी त्यांच्याच हातची होती, म्हणून ते या कामाकडे वळले. मला यात दिशा बदललेली दिसत नाही. रुग्ण तेच आहेत, मेंदूतली जागाही तीच, ज्यावर मॉर्फिन बसतं आणि व्यसन सोडवायला देतात ते ब्युप्रेनॉर्फिन हे औषधही.

अडचण वेगळीच आहे. व्यसनाच्या उपचारासाठीची, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नेहमीच्या दुकानात मिळत नाही, ती व्यसनमुक्ती केंद्रांनाच पुरवली जाते. बंधनाचं कारण रास्त आहे, कारण हीच गोळी बाहेर विकलीही जाते. पण गुडघ्याच्या आजींना केंद्राच्या रांगेत उभं करणं हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावं. 'नशामुक्ति केंद्र' असं हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या दारातून शेजारी बघत असताना कोण आत जाणार?

म्हणून रामबागेतली पाटी अजून बदललेली नाही. जिना चढून येणारे सगळे 'डॉक्टर, कंबर दुखते हो' असंच म्हणत आत येतात.