पार्श्वभूमी : द्राक्षातले ‘हायब्रिड’

सेव्हाल ब्लाँक या पांढऱ्या वाइनच्या वाणाचा विषय निघाला की खानदेशात पहिला प्रश्न येतो : म्हणजे हायब्रिडच ना? या प्रश्नात द्राक्ष कमी आणि ज्वारी जास्त असते. १९६४ मध्ये सीएसएच-१ ज्वारी आली, १९७० मध्ये एच-४ कपाशी. तेव्हापासून हायब्रिड म्हणजे भरपूर पिकणारे, चवीत दादर या देशी ज्वारीच्या पासंगालाही न पुरणारे आणि दर हंगामात नवी पिशवी घ्यायला लावणारे बियाणे, हा अर्थ इथे पक्का बसला.

द्राक्षात संकर एकदाच होतो. एका बीची एक वेल, पुढे सगळा प्रसार काडीने. सेव्हालचा संकर फ्रान्समध्ये १९२१ च्या सुमारास झाला. आज इंग्लंडपासून न्यूयॉर्कपर्यंतची प्रत्येक सेव्हाल त्या एकाच वेलीची काडी आहे.

आणखी एक गुंता. आपण कुठल्याही संकराला हायब्रिड म्हणतो. द्राक्षवाले मात्र युरोपीय द्राक्षात दुसऱ्या जातीच्या, बहुधा अमेरिकन रानद्राक्षाचा अंश आला तरच तो शब्द वापरतात. बंगळूरची अर्का सोमा ही द्राक्षजात पांढऱ्या वाइनची आणि संकरितच; पण अनाब-ए-शाहीसकट तिचे दोन्ही पालक युरोपीय, म्हणून त्या अर्थाने ती हायब्रिड नाही.

अमेरिकन अंशाची गरज पडली ती १८६० नंतर. फिलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या वेलींच्या मुळ्या खाल्ल्या, मागोमाग केवडा हा बुरशीचा रोग आला. अमेरिकन खुंटावर कलम करणे किंवा हायब्रिड लावणे, हे दोन मुख्य मार्ग उरले. १९३४ मध्ये फ्रान्सने सहा हायब्रिडांवर बंदी घातली; त्यात नोहा हे पांढरे वाण होते. उग्र वास आणि मिथेनॉल ही कारणे पुढे केली गेली. पण तेव्हा वाइनचे साठे तुंबले होते, भाव कोसळले होते. बंदीमागे तब्येतीच्या काळजीपेक्षा हा तुंबाराच मोठा होता, असे मला ठामपणे वाटते. बंदी सहांवर, डाग सगळ्यांवर. तरीही १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सुमारे ४ लाख हेक्टरवर हायब्रिड उभे होते. पुढे युरोपच्या नियमांनी मूळस्थानाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमधून त्यांना बाहेर ठेवले. चांगली सेव्हाल पिकवणाऱ्या इंग्लंडच्या बागायतदारांनाही त्याची झळ बसली. ते दार उघडले थेट २०२१ मध्ये. आता खुद्द शॅम्पेन प्रांतात व्होल्टिस हे पांढरे हायब्रिड प्रयोग म्हणून लावता येते.

बागलाण १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होते, आणि तिथल्या द्राक्षांची वाखाणणी अकबरकालीन नोंदीतही आहे. आज तिथल्या बागांत पावसाळा सरताना कलमे भरणारी टोळी सरीत वाकून बसते. खुंट मधोमध चिरायचा, पाचरेसारखी तासलेली काडी त्यात बसवायची, वरून पट्टी आवळायची. काडी थॉमसन या बिनबियांच्या युरोपीय द्राक्षाची असते. खुंट असतो डॉगरिजचा, अमेरिकन रानद्राक्षाच्या कुळातला. खारवट जमीन आणि पाण्याचा ताण त्याला सोसतो म्हणून लावलेला.